रूझवेल्टना हवे होते पंधरा न्यायमूर्ती

इथे अमेरिकेत निवडणुकीचे वारे वाहू लागले की सुप्रीम कोर्टाचा विषय निघतोच. न्यायमूर्तींना निवृत्तीचं वय नाही, नेमणूक तहहयात. त्यामुळे एक जागा रिकामी झाली तरी देश ढवळून निघतो. मग कुणीतरी म्हणतं, न्यायमूर्ती वाढवा! आणि तसं करता येतं. राज्यघटनेत नऊ हा आकडा नाहीच, तो काँग्रेस, म्हणजे इथली संसद, कायद्याने ठरवते. १७८९ मध्ये सहा होते, यादवी युद्धात दहा झाले, १८६९ पासून नऊ.

म्हणूनच १९३७ ची हकीकत मला सांगावीशी वाटते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले होते आणि मंदीवर मात करण्यासाठी केलेले त्यांचे मोठमोठे कायदे कोर्टाने रद्द केले होते. न्यूयॉर्कचा बायकांसाठीचा किमान वेतनाचा कायदासुद्धा कोर्टाने मोडीत काढला होता. रूझवेल्टांचा संताप मला पटतो, मार्ग नाही. त्यांची योजना अशी: सत्तरी उलटूनही पद न सोडणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा, जास्तीत जास्त सहा. कारण दिलं की वय झालेल्यांना काम उरकत नाही. सरन्यायाधीश ह्यूज यांनी योजनेला विरोध करणाऱ्या सिनेटर व्हीलरना पत्र लिहून ते साफ खोडून काढलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये एल्सी पॅरिशच्या खटल्याचा निकाल लागला. वेनॅची नावाच्या गावातल्या हॉटेलात ती खोल्या साफ करायची. वॉशिंग्टन राज्याच्या नियमाने ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, मिळायचे कमी. थकलेल्या २१६ डॉलरसाठी ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध मत दिलेले न्यायमूर्ती रॉबर्ट्स रूझवेल्टांच्या धाकाने फिरले, असं आजही सांगतात. पण न्यायमूर्तींचं आपसातलं मतदान आदल्या डिसेंबरमध्येच, योजना जाहीर होण्याआधी झालं होतं.

सिनेटमध्ये रूझवेल्टांच्याच पक्षाचं प्रचंड बहुमत होतं. तरी जुलैमध्ये ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत गेलं आणि तिथेच संपलं. लोकप्रियतेच्या शिखरावरच्या स्वतःच्या नेत्याला नाही म्हणणाऱ्या त्या सिनेटरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

२०२४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी न्यायमूर्तींना १८ वर्षांची मुदत सुचवली. मला ती पटते. नऊ जागा, दर दोन वर्षांनी एक नेमणूक. राष्ट्राध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो, चार वर्षांच्या एका कारकिर्दीत त्याच्या वाट्याला दोनच.