आर्नेम लँडला जाताना: परवाना आणि काहिल्स क्रॉसिंग

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेला ईस्ट ॲलिगेटर नदी आडवी येते. पलीकडे आर्नेम लँड. १९७६च्या भूमिहक्क कायद्यानुसार ही जमीन तिथल्या मूळनिवासींच्या मालकीची, त्यामुळे मूळनिवासी जमीनमालकांच्या वतीने कारभार बघणाऱ्या नॉर्दर्न लँड काउन्सिलचा परवाना लागतो. तो ठरलेल्या रस्त्यापुरता आणि तारखांपुरताच असतो. मध्येच एखादा फाटा दिसला म्हणून गाडी वळवायची नाही. अर्ज दोन-तीन आठवडे आधी करावा. गावात कुणी वारलं किंवा विधी सुरू असले तर वाट ऐनवेळी बंद होते, म्हणून एखादा दिवस हातचा ठेवावा. दारू नेऊ नये.

खरी कसोटी काहिल्स क्रॉसिंगला. नदीतून जाणारा हा काँक्रीटचा फरसबंद उतार भरतीला बुडतो. समुद्रावरची भरती इथे काही तास उशिरा पोचते, तेव्हा किनाऱ्याचं वेळापत्रक पाहून निघालात तर फसाल. खास या क्रॉसिंगच्या वेळा बघाव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने चढतं. एरवी ओढा ओलांडताना आधी चालत जाऊन खोली बघतात. इथे ते अजिबात नको, कारण भरतीबरोबर मासे येतात आणि माशांमागे खाऱ्या पाण्यातल्या मगरी. खोली दाखवणारा खांब वाचायचा, समोरची गाडी बाहेर पडू द्यायची, मग फोर-व्हील ड्राइव्ह लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद) टाकून एकाच गतीने जायचं. मध्ये गिअर बदलू नये. बहुतेक गाड्या वाहून जातात त्या ‘एवढं पाणी चालेल’ या अंदाजामुळे, आणि भाड्याच्या गाडीचा विमा अशा नुकसानीला बहुधा लागू नसतो. मे ते ऑक्टोबर हाच काळ धरावा. पावसाळ्यात वाट अनेकदा बंदच असते.

पलीकडे गुनबलान्या गाव, तिथे इंजालाक आर्ट्स हे मूळनिवासींचं कलाकेंद्र. जवळच्या इंजालाक टेकडीवरची शैलचित्रं स्थानिक वाटाड्याबरोबरच बघता येतात, आणि तेच योग्य: माशाच्या पोटातली हाडं-आतडी दिसावीत अशी चितारलेली ‘क्ष-किरण’ शैली, कोणतं चित्र कुणाचं, कुठे कॅमेरा खाली ठेवायचा, हे फलक वाचून कळत नाही. चढण खडकाळ आणि उघडी. सकाळीच निघा, माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या. चित्रांना हात लावू नका, हाताचा घाम आणि तेल रंगाला मारक.

केंद्रात पॅन्डेनसच्या (केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या) पानांच्या टोपल्या, झाडाच्या सालींवरची चित्रं मिळतात. खरेदी तिथेच करावी आणि कलाकाराचं नाव असलेलं प्रमाणपत्र मागून घ्यावं.