शून्य की रेघ?

फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात, भारतीय माणसाला ‘बुम्बाय’ म्हणतात. लुधियानाचा असो की तंजावरचा, बुम्बायच. मी डोंबिवलीची, म्हणजे निदान लोकलच्या पासापुरती तरी खरीखुरी बुम्बाय. (तिथे आपल्या कांद्यालासुद्धा ‘सिबुयास बोम्बाय’ म्हणतात.) पण या शब्दाला आणखी एक वास आहे, सावकारीचा. मोटारसायकलवरून गल्लोगल्ली फिरणारे पंजाबी फेरीवाल्यांना कर्ज देतात. पाच घ्या, सहा फेडा. म्हणून धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. त्यामुळे २०१९ च्या जूनमध्ये मी हातात वही घेऊन तिथल्या दिविसोरिया बाजारात उभी राहिले, तेव्हा निम्म्या बाजाराला वाटलं, आता बाई माणूस पण वसुलीला यायला लागलं.

मी आले होते माणसं मोजायला. आमच्या कन्सल्टन्सीकडे रस्त्याच्या पाहणीचं काम होतं. दर पंधरा मिनिटांना किती पादचारी गेले, किती गाड्या गेल्या, फुटपाथची किती रुंदी खरोखर चालण्याजोगी आहे, किती फेरीवाले बसलेत. दिविसोरिया म्हणजे मंगळदास मार्केट, मस्जिद बंदर आणि दादर स्टेशनबाहेरचा रस्ता एकावर एक रचला तर जे होईल ते. एका अंगाला तुतुबानचं जुनं रेल्वे स्टेशन, आता तिथे मॉल. मधून रेक्टो अव्हेन्यू. चांगला थोराड रस्ता, पण नकाशात. प्रत्यक्षात ‘जीपनी’ (तिथली वडापची लांबट जीप) घासत जाईल एवढी एक फट आणि बाकी सगळ्या ताडपत्र्या. पहिल्या दिवशी टेप लावायला मला फुटपाथची कडाच सापडेना. शेवटी चपलांच्या ढिगाखाली पाय घालून चाचपली.

तो ढीग ज्यांच्या शेजारी होता, त्या छत्र्या विकणाऱ्या बाई. तिथे थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात आणि ओळखपाळख नसली तरी बाईमाणसाला तीच हाक मारतात. मला ते फार सोपं गेलं, अर्धी आत्या मिळाल्यासारखं. आतेंनी मला बसायला प्लास्टिकचं स्टूल दिलं. सावकार नाही याची खात्री पटल्यावरही त्या मला बुम्बायच म्हणत राहिल्या.

निवडणूक नुकतीच १३ मे ला झाली होती. मनिलाच्या महापौरपदासाठी दोन नट समोरासमोर. जोसेफ एस्त्रादा, वय ८२. पडद्यावर गरिबांचा कैवारी, मग सान हुआनचा महापौर, मग १९९८ ला थेट राष्ट्राध्यक्ष. २००१ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून घालवला, २००७ मध्ये लुटीच्या खटल्यात जन्मठेप, त्याच वर्षी माफी, आणि २०१३ मध्ये मनिलाचा महापौर. विरुद्ध बाजूला इस्को मोरेनो, खरं नाव फ्रान्सिस्को दोमागोसो. बाजाराला लागूनच असलेल्या तोंदोच्या झोपडवस्तीतला. बाप बंदरावरचा हमाल, पोरगा रद्दी-बाटल्या गोळा करायचा, सायकलरिक्षा चालवायचा. १९९३ मध्ये कुणाच्या तरी मयताला गेला असताना सिनेमावाल्यांच्या माणसाला त्याचा चेहरा आवडला. टीव्ही, सिनेमे, १९९८ मध्ये नगरसेवक, पुढे नऊ वर्षं उपमहापौर. दोघांची टोपणनावंसुद्धा उलटी. ‘पारे’ म्हणजे दोस्त, ते उलटवून एस्त्रादा झाला ‘एराप’. ‘मेयर’ उलटवून मोरेनो झाला ‘योर्मे’. आपल्या शाळेतली च-ची भाषा, पण इथे तीवर मतं मिळतात.

योर्मे जिंकला. आतेंनी त्यालाच मत दिलं होतं. ‘‘आमच्यातला आहे,’’ म्हणाल्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी एका पहाटे मोजणीला पोचले आणि चुकीच्या रस्त्यावर उतरले असं वाटलं. रेक्टो अव्हेन्यू होता! डांबर होतं, दुभाजक होता, पार समोरच्या इमारतीचं तळमजल्याचं दार दिसत होतं. योर्मेच्या पालिकेचे ट्रक लाकडी फळ्या भरून चालले होते आणि पाण्याचा पाइप रस्त्यावरून फिरत होता. माझ्या पायाशी फुटपाथची कडा, धुतलेली. इतक्या दिवसांची माझी मोजणी त्या पाण्याबरोबर गटारात गेली हे कळायला मला बराच वेळ लागला, कारण मी आधी खूश झाले होते. खोटं कशाला बोलू? इंजिनिअरला मोकळा रस्ता दिसला की आनंद होतोच.

मदतीला असलेला कॉलेजचा पोरगा फॉर्म घेऊन आला. ‘‘मॅम, फेरीवाल्यांच्या रकान्यात शून्य लिहू की रेघ मारू?’’ प्रश्न बरोबर होता. रेघ म्हणजे मोजलं नाही, शून्य म्हणजे मोजलं आणि कुणी नव्हतं. मी म्हटलं, शून्य. त्यानं पंधरा-पंधरा मिनिटांची शून्यं लिहायला सुरुवात केली.

साडेआठच्या सुमारास एक मोटारसायकल माझ्याजवळ येऊन थांबली. पंजाबी गृहस्थ, पाठीला सॅक, हातात जाड वही. त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘मॅडम, इंडिया से?’’

‘‘मुंबई.’’

‘‘वो छातेवाली किधर गई?’’

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं बुम्बाय त्या धुतलेल्या फुटपाथवर आपापल्या वह्या धरून उभे राहिलो. त्यांच्या वहीत माझ्यापेक्षा नीट नोंदी होत्या, नाव, रोजचा हप्ता, सही. फक्त पत्त्याच्या जागी ‘तुतुबानसमोर’ एवढंच.

आते चार दिवसांनी सापडल्या, आतल्या गल्लीत, खांद्यावर छत्र्यांची पिशवी. सगळे मोबाइलवर योर्मेचं फेसबुक लाइव्ह बघत होते, आतेसुद्धा. ज्यानं उठवलं त्यालाच ऐकत होत्या. नटाची गोष्ट अशी की त्याला कॅमेरा कुठे आहे हे कळतं आणि तो समोरच्याशी बोलतोय असं प्रत्येकाला वाटतं. त्याच सुमारास त्यानं जाहीर सांगितलं होतं की ही कारवाई थांबवायला आपल्याला रोज ५० लाख पेसो देऊ केले होते. मी आतेंना विचारलं, खरं असेल?

‘‘खरंच असणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते आमचेच तर पैसे. जागेचे रोज द्यायचो ते.’’ मग थोडं थांबून, ‘‘आता ते कुणाला द्यायचे ते अजून कळलेलं नाही.’’

२२ जुलैला राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी आपल्या वार्षिक भाषणात रस्ते मोकळे करण्याचा आदेश दिला, पाठोपाठ सगळ्या महापौरांना ६० दिवसांची मुदत. आमच्या साहेबांनी मुंबईहून फोन करून विचारलं, आधीचे आकडे वापरायचे की नंतरचे? पुन्हा मोजा, असं ठरलं.

म्हणून ऑगस्टच्या एका संध्याकाळी आम्ही त्याच जागी. पाऊस कोसळत होता. खांबाच्या आडोशाला आते दिसल्या, हातात तीनच छत्र्या, नजर रस्त्याच्या टोकाकडे. पोरानं विचारलं, ‘‘मॅम, आतेंना मोजू?’’ फॉर्मवर ‘बसलेले’ असा रकाना होता आणि त्या उभ्या होत्या. मी काही बोलले नाही.

त्यानं पेन्सिलीनं १ लिहिला. तेवढ्यात शिट्टी वाजली, त्यानं मान वर करून पाहिलं आणि खोडरबर काढला.