लाकडी धनुष्य घेतलंय, आता बाण कुठले घेऊ?

हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात आणि सोबत एक लिंक असते, स्वस्तातला बारा कार्बन बाणांचा सेट, "घेऊ का?" घ्या की, कार्बन वाईट नाहीये. पण आधी आपलं धनुष्य आपल्या हातात किती पाउंडाचं होतं (म्हणजे ओढायला किती जोर लागतो) आणि आपण दोरी किती इंच ओढतो हे माहीत पाहिजे, नाहीतर स्वस्त काय आणि महाग काय, सगळेच बाण वाकडे जाणारेत. धनुष्यावर ४० पाउंड लिहिलंय ते २८ इंच ओढल्यावर. तुमची ओढ २६ इंचच असेल तर इंचामागे साधारण २ ते ३ पाउंड कमी धरायचे, म्हणजे तुमच्या हातात ते ३५च्या आसपासच आहे आणि बाण त्या ३५ला धरून घ्यायचा.

आता स्पाइन. म्हणजे बाण किती वाकतो. लाकडी धनुष्याला बहुतेक वेळा मध्ये खाच कापलेली नसते, त्यामुळे बाण मुठीच्या एका बाजूला तिरका टेकलेला असतो आणि दोरी मात्र मधोमध पुढे येते. बाणाला मुठीला वळसा घालून जायला लागतं, आणि तो खरंच सापासारखा सळसळत बाहेर पडतो, स्लो मोशनचा व्हिडिओ बघा एकदा. फार कडक असेल तर वळत नाही, मुठीवर आपटतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असला तर उजवीकडे.

आपल्याकडे आर्चरी म्हटलं की आदिती स्वामी आणि ओजस देवतळे आठवतात, २०२३ला बर्लिनमध्ये दोघं वर्ल्ड चॅम्पियन झाले, पण ते कंपाउंडवाले, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे. दुकानात माल जास्त करून कंपाउंडचा नाहीतर ऑलिंपिक रिकर्व्हचाच (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) असतो आणि ती धनुष्यं मधोमध कापलेली, त्यांना कडक बाण चालतो. काउंटरवरचा माणूस सवयीने तुम्हाला ५०० स्पाइनचा काढून देईल. ४० पाउंडाच्या साध्या लाकडी धनुष्याला तो कडकच पडतो, ७०० ते ८०० मागा. हो, कार्बनमध्ये आकडा मोठा तेवढा बाण मऊ, आणि लाकडी बाणात उलटं, तिथे स्पाइन पाउंडात लिहितात आणि आकडा मोठा तेवढा कडक. हा घोळ कुणी घातला माहीत नाही पण नवीन माणूस इथेच फसतो.

लाकडी आणि बांबूचं स्पाइन घरी मोजता येतं, मशीन घेत बसू नका. फळीवर ६६० मिलिमीटर अंतरावर दोन खिळे, त्यावर शाफ्ट (बाणाची नुसती काठी) आडवा, बरोबर मध्ये ९०७ ग्रॅम वजन लटकवायचं (बाटलीत पाणी भरून किचनच्या काट्यावर जुळवा, बाटली आणि दोरीसकट) आणि मध्यभाग किती मिलिमीटर खाली आला ते मोजायचं. ६६० भागिले ते मिलिमीटर म्हणजे पाउंडातलं स्पाइन. साडेसोळा मिलिमीटर झुकला तर ४०. ४० पाउंडाच्या न कापलेल्या धनुष्याला ३५ ते ४० चांगलं चालतं.

वजनाकडे लोक बघतच नाहीत, आणि लाकडी धनुष्याचा जीव त्यातच आहे. फार हलका बाण मारला की ताकद बाणात जात नाही, धनुष्याच्या पात्यांतच राहते, रिकामी दोरी सोडल्यासारखं होतं आणि एक दिवस धनुष्य तडकतं. धनुष्याच्या पाउंडामागे बाणाचं वजन ९-१० ग्रेन धरा, म्हणजे ४० पाउंडाला ३६० ते ४०० ग्रेन, साधारण २३ ते २६ ग्रॅम. सोनं मोजायचे छोटे डिजिटल काटे ऑनलाइन मिळतात त्यावर अख्खा बाण ठेवून बघायचा. स्वस्त कार्बन इथेच कमी पडतो, मग पुढे जड पॉइंट (बाणाचं टोक) लावायचा, पण पॉइंट जड केला की बाण मऊ वागायला लागतो. म्हणून एक बदललं की दुसरं परत तपासा.

बरं, मग घ्यायचं काय. फायबरग्लास मला आवडत नाही, मोडत नाही हे खरं पण इतका जड की लांबवर जाता जाता जमिनीकडेच बघतो, लहान मुलांना अंगणात खेळायला ठीक. ॲल्युमिनियम छान सरळ येतं, नंबरही समजायला सोपा, १७१६ म्हणजे बाणाचा व्यास इंचाचे १७/६४ आणि नळीच्या भिंतीची जाडी इंचाचे १६/१०००, पण दगडाला लागून एकदा वाकलं की सरळ केलं तरी पहिल्यासारखं होत नाही. पाइनचे बाण दिसायला सुंदर, घेताना लाकडाच्या रेषा बघा, त्या शाफ्टच्या टोकापासून टोकापर्यंत जात असतील तर ठीक, मध्येच बाजूला बाहेर पडत असतील तर तिथेच मोडणार, आणि कधी कधी सोडतानाच मोडतो जे हाताला धोक्याचं आहे.

माझं मत विचाराल तर शिकायला सहा कार्बन घ्या आणि बाकीचे पैसे बांबूत घाला. बांबूला स्पाइन थोडं इकडेतिकडे झालं तरी खपतं, निमुळती बाजू मागे ठेवली की मुठीवरून सुटतोही छान, आणि मोडायच्या आधी बराच वाकतो. नंदुरबारकडचे भिल्ल तीरकामठा बांबूवरच चालवत आलेत, त्यांच्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची असते. शाफ्टसाठी विदेशी टोंकिन बांबूच हवा असं काही नाही, नर्सरीत रोपांना आधाराला देतात त्या बारीक काठ्या किंवा पुण्यात असाल तर बुरूड आळीत चौकशी करा, ढिगातून एकेक काठी वजन करून आणि वाकवून निवडायची. वेळखाऊ आहे, दुकानदार वैतागतो. घरी आणून गाठी पॉलिशपेपरने घासायच्या, मंद आचेवर फिरवत गरम करून हाताने सरळ करायच्या, मागच्या टोकाला नॉकच्या (दोरी बसते ती खाच) खाली दोरा गुंडाळून सुपर ग्लू, नाहीतर दोरी ते टोक उभं चिरते. बांबू कोवळा किंवा ओला असेल तर भुंगा लागतो. गावाकडे बांबू अंधाऱ्या पक्षातच तोडतात, त्याचं कारण मी देणार नाही, पण पिकलेला आणि सावलीत महिनोनमहिने वाळलेला घ्या एवढं नक्की.

लांबी सुरुवातीला जास्त ठेवा, ओढीपेक्षा दोन-तीन इंच. बाण बहुतेक वेळा पॉइंटच्या लगेच मागे मोडतो, मग तेवढा तुकडा कापायचा, पेन्सिलच्या शार्पनरसारखं टूल मिळतं त्याने परत टोक काढायचं (पॉइंटला ५ अंशाचं, नॉकला ११) आणि हॉट मेल्ट ग्लूने पॉइंट बसवायचा. इंचभर आखूड झाल्यावर थोडा कडक होतो, पण चालतो. कार्बन फुटला की मात्र कचऱ्यात. आणि कार्बन असेल तर प्रत्येक वेळी मारायच्या आधी वाकवून कान लावून बघा, चर्रर्र आवाज आला तर तो बाण संपला. हातावरून बाण सोडणाऱ्यांनी तर हे टाळूच नका, कार्बनची कूस हातात घुसली की काढायला सर्जन लागतो.

पिसं खरीच पाहिजेत. व्हेन, म्हणजे प्लास्टिकचं पीस, मुठीला घासली की बाण उडतो, पीस दबून निघून जातं. एका बाणावरची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची, चार-पाच इंची, आणि पुढच्या टोकावर दोरा गुंडाळलेला, कारण ते टोक उघडं राहिलं तर मुठीवरची कातडी सोलतं. रंग भडक घ्या, पिवळा नाहीतर गुलाबी. टिकाऊपणाच्या गप्पा ठीक आहेत पण गवतात हरवलेला बाण सगळ्यात महाग पडतो, आणि तपकिरी पिसांचा बाण दिवाळीनंतरच्या वाळल्या गवतात कुणाला सापडलाय?

पावसाळ्यात लाकडी आणि बांबूचे बाण भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, आडवे किंवा टांगून ठेवा, आणि आधीच पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात मारून घ्या. पिसं भिजून चपटी झाली तर चहाच्या किटलीच्या वाफेवर धरा, परत उभी राहतात.