थिनर नको, काका!

ठाण्यात नौपाड्याला मी मॉडेल रेल्वेगाड्या दुरुस्त करतो. एका शनिवारी रेल्वेतून रिटायर झालेले एक काका तीन जुने डबे घेऊन आले, एचओ मापाचे, म्हणजे १:८७, खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. बोलता बोलता १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी आणि तिची साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं सांगून झाली. मग मुद्दा: डब्यांवर कुणीतरी फासलेला ॲक्रिलिकचा निळा रंग काढायचा.

"थिनरमध्ये बुडवा की! गॅलरीच्या ग्रिलला मी तेच करतो."

ग्रिल लोखंडी असते, काका. इथे डब्याचं अंग पॉलिस्टायरीन प्लास्टिकचं. थिनर लागला की भिजवलेल्या डिंकासारखं लिबलिबीत होतं. दांडे पितळी, पण चिकटवलेले सुपरग्लूने, आणि थिनरमध्ये अनेकदा असणारं ॲसिटोन सुपरग्लूही सोडवतं. खालची चौकट जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. कॉस्टिक सोडा प्लास्टिकला काही करत नाही, पण जस्त खातो. म्हणजे एकाला मानवेल ते दुसऱ्याला मारेल.

म्हणून आधी सगळं सुटं केलं. खिडक्यांची पारदर्शक पट्टी पहिल्यांदा काढली, कारण अल्कोहोलनेही तिला बारीक तडे जाऊ शकतात. एका डब्याच्या आतल्या बाजूला कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थांबलो. प्लास्टिक घट्टच राहिलं, तेव्हा झाकणाच्या डब्यात भिजवलं. खिडकी उघडी, पंखा चालू, अगरबत्तीसुद्धा बंद. ह्याची वाफ पटकन पेट घेते. मधूनमधून उचलून बघायचं. रंगाला सुरकुत्या पडल्या की मऊ ब्रशने तो सोलल्यागत निघतो. कोपऱ्यांत मात्र लाकडी टूथपिकच.

पहिल्या डब्याची चौकट वेगळी भिजवली होती. काळा रंग निघाला आणि खाली राखाडी धातूवर भेगांचं जाळं. स्क्रूच्या भोकापाशी तर कपचाच सुटला. काकांचा चेहरा उतरला. "तुमच्या त्या औषधानं झालं का हे?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या डब्याची चौकट अजून कोरडीच होती. ती सपाट काचेवर ठेवली, तर मध्येच उचललेली, डुगडुगत होती. त्याच स्क्रूपाशी रंगाखालून फुगवटा. ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेलं की धातू आतल्या आत गंजून फुगतो, आणि दमट हवेत जास्तच. आमच्या ठाण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. यावर औषध नाही. तडकलेल्या चौकटीला रंगानंच धरून ठेवलेलं असतं कधी कधी.

काकांनी काचेवरची चौकट बोटाने दोनदा डुलवून बघितली. "मग उरलेल्या दोन्ही चौकटींना हात लावू नका. वरचा निळा तेवढा काढा." पहिल्या डब्याला मी पितळी पट्टीची नवी चौकट करून देतोय. जुनी फेकू नका म्हणाले, तुकडे पुडीत बांधून नेले.