क्रूझरवरून उतरून उंच गाडीवर : ताम्हिणी, बाणकोटची खाडी आणि आंबेनळी

आधीच सांगतो, ॲव्हेंजर २२० ही बजाजची क्रूझर, म्हणजे बुटकी, टेकून बसायची बाईक, मी बरीच वर्षं चालवली आणि ती मनापासून आवडायची. गाडी बदलली म्हणलं की लोकांना वाटतं जुनीला कंटाळला असणार, पण तसं अजिबात नाही. २००१ मध्ये कावासाकी बजाज एलिमिनेटर आली तेव्हा ती कुठं उभी दिसली की पोरं तिच्याभोवती गोल फिरून बघायची, आणि मग २००५ ला त्याच घाटणीची ॲव्हेंजर आली, तीही खिशाला परवडेल अशी, तेव्हापासून डोक्यात बसली होती. पाय पुढं सोडायचे, पाठ टेकायची आणि ७०-८० ला धरून कोल्हापूर गाठायचं, उतरल्यावर अंग ताजं. हे सुख वेगळंच आहे आणि आजही त्याला तोड नाही असंच म्हणेन.

पण मला सारखं कोकणात जायचं असतं. आणि कोकणात मोठा रस्ता सोडून किनाऱ्याकडं वळलं की क्रूझरवर पाय पुढं असल्यामुळं सगळं वजन बैठकीवर येतं, खड्डा दिसला तरी उठून उभं राहता येत नाही, तो खड्डा थेट कंबरेतच जातो. म्हणून मग रस्ता बघून गाव ठरवायचं अशी सवय लागलेली. हे मला उलटं करायचं होतं, आधी गाव ठरवायचं आणि रस्ता जसा असेल तसा. म्हणून व्ही-स्ट्रॉम एसएक्स घेतली, जिला सुझुकी स्वतः स्पोर्ट ॲडव्हेंचर टूरर म्हणते. इंजिन जिक्सर २५० चं, पुढच्या चाकावर ती पुढं निघालेली चोच, जी १९८८ च्या डीआर बिगपासून या घराण्यात चालत आलीये.

कागदावर बघाल तर गंमत आहे. ॲव्हेंजरचं वजन १६३ किलो, हिचं १६७, म्हणजे जवळपास तेवढंच. पण ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिमी आणि हिची ८३५, तेवढंच वजन जवळजवळ १० सेंटिमीटर वर गेलंय आणि सगळा फरक तिथंच आहे. माझी उंची ५ फूट ६ इंच, दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाही. चालू गाडीत याचा काही त्रास नाही, थांबताना मात्र आता मी आधी जमीन बघतो. उतार कुणीकडं आहे, खडी आहे का, कुठला पाय टेकायचा, हे दोन सेकंद आधी डोक्यात ठरलेलं असतं.

दिवाळी झाली, पाऊस पूर्ण थांबला आणि मी न् बायको, आम्ही दोघं निघालो. पौड, मुळशी धरण, ताम्हिणी. घाटात पहिली गोष्ट जाणवली ती गिअरची. जुन्या गाडीला पाच गिअर, साठला पाचवा टाकून निवांत जायची सवय हाताला लागलेली, हिला सहा आहेत आणि हिची पूर्ण ताकद, २६.५ पीएस, येते ९३०० आरपीएमला. त्यामुळं चढावर सहाव्यात टाकून ती ओढेल अशी अपेक्षाच ठेवायची नाही, तिसरा-चौथा ठेवायचा, आवाज वाढू द्यायचा, ती त्याच्यासाठीच बनलीये. विळ्यापर्यंत उतरलो तोवर पायाला ते कळलं होतं. मग माणगाव, मोर्बा, म्हसळा करत हरिहरेश्वर, दक्षिण काशीला पाया पडलो, आंबोळी-उसळ खाल्ली आणि बागमांडल्याला फेरीबोटीच्या धक्क्यावर.

ही फेरी ज्यांनी केलीये त्यांना माहितीये, सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि इथं बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, अलीकडं रायगड जिल्हा, पलीकडं वेश्वी म्हणजे रत्नागिरी. बोटीचा लोखंडी रॅम्प धक्क्याला टेकतो, ओला, त्यावर चाकांनी आणलेला चिखल, आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची घाई. बायकोला आधीच उतरवलं. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा, नजर रॅम्पवर नाही तर आत उभ्या असलेल्या टेम्पोच्या मागच्या नंबरप्लेटवर, आणि मध्ये कुठंच पाय टेकायचा नाही असं ठरवून चढवली. पुढचं १९ इंची चाक रॅम्पच्या कडेवरून इतकं सहज गेलं की कड लागली ते फक्त हातातच कळलं. आत बोटीवरच्या पोरानं बाजूला लावायला सांगितलं आणि म्हणाला, "दादा, उंच गाडी आहे, स्टँडवर सोडू नका, गिअरात टाका आणि बसून राहा, मध्ये लाट येते." खरंच आली. उंच गाडी हलत्या बोटीवर कशी झुलते ते मांड्यांत जाणवतं. त्या पोराचा सल्ला इथं मुद्दाम लिहितोय, कुणी पहिल्यांदा जाणार असेल तर उपयोगी पडेल.

वेश्वीला उतरलो, वर बाणकोटचा किल्ला, पुढं वेळास. कासवं बघायची तर फेब्रुवारी-मार्चनंतर यायला हवं, आम्ही सरळ केळशी गाठली.

आणि केळशी ते आंजर्ले, आडे-पाडले मार्गे, या पट्ट्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. एका बाजूला समुद्र, रस्ता एका गाडीचा, मध्येच तीव्र चढ, मध्येच काम काढून खडी पसरलेली. इथं पहिल्यांदा नीट उभा राहिलो. फुटपेग, म्हणजे पाय ठेवायचे दांडे, बरोबर अंगाखाली असतात, त्यामुळं उभं राहायला हँडल ओढावं लागत नाही, नुसतं गुडघे सरळ केले की झालं. हात ढिले सोडायचे, गाडी खाली हवी तशी हलू द्यायची, डोकं स्थिर राहतं. खडीच्या उतारावर मागचा ब्रेक जोरात दाबला की एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, टकटक करतं आणि गाडी थांबायला जास्त जागा घेते, म्हणून वेग आधीच गिअरनं कमी करून ठेवायचा. जिथं जुन्या गाडीवर मी पहिल्या गिअरमध्ये अंग आखडून गेलो असतो तिथं आता तिसऱ्यात, आजूबाजूला बघत चाललो होतो.

आजूबाजूला बघत यावरून आठवलं. कोकणात रस्त्याच्या कडेनं चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, असतात, छातीएवढे. इतकी वर्षं या गावांतून गेलो पण मला दिसायचा तो गडगाच. आता उंच सीटवरून पलीकडं दिसतं, सुपारीची बाग, रहाटाची विहीर, खळ्यात वाळत घातलेलं भात, एक आजी पायरीवर बसून सुपाऱ्या निवडतायत. मागं बायको तर माझ्यापेक्षाही वर, ती सारखी "अरे हळू, ते बघ" करत होती. हे मला कुठल्या रिव्ह्यूत वाचायला मिळालं नव्हतं, आणि मला विचाराल तर याच एका गोष्टीसाठी गाडीचे पैसे वसूल झाले.

कड्यावरचा गणपती, मग खाडीवरचा पूल ओलांडून हर्णै, संध्याकाळचा मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग. मुक्कामाला मस्त पापलेट मिळालं.

परतीला दापोली, खेड, कशेडीचा बोगदा आणि पोलादपूरवरून आंबेनळी घाट. क्रूझर लांब असते, ॲव्हेंजरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४९० मिमी, त्यात पुढचा फोर्क तिरका, त्यामुळं तिला वळण मोठं घेऊन वळवावं लागतं आणि जास्त झुकवली तर फुटपेग घासतो. हिचा १४४०, जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची जागा २०५ मिमी, रुंद हँडल, नजर वळणाच्या पलीकडं टाकली की गाडी आपोआप तिकडं येते. कुंभरोशीपर्यंत एकामागून एक वळणं, उजवीकडं प्रतापगड येतो-जातो, आणि मी नुसता हसत होतो हेल्मेटमध्ये.

आता जे गेलं तेही सांगायला पाहिजे. ॲव्हेंजरला मागं टेकायला बॅकरेस्ट होता आणि रुंद गादी, बायको तिथं तासन्‌तास आरामात बसायची, आम्ही गप्पा मारत जायचो. इथं तिची सीट वर, पाठीला आधार नाही, आणि गाडीचा आवाज वरच्या पट्टीत, त्यामुळं गप्पा कमी झाल्या. पसरणी घाट उतरून वाईला जेवायला थांबलो तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं, "गाडी छान आहे, दिसतंही छान, पण मला टेकायला काहीतरी कर." रास्त आहे. टॉप बॉक्सला पाठीची गादी लावून मिळते, ती लावतोय. ज्यांचा प्रवास कायम दोघांचा आणि सरळ हायवेचा असतो त्यांनी क्रूझर सोडूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे. आमची ॲव्हेंजर मावसभावाकडं गेली, त्याचं सातारा-कराड येणं-जाणं असतं, तिथं ती शोभते.

पुढच्या वेळी दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, दोन्ही फेऱ्या घेऊन खाली रत्नागिरीपर्यंत जायचंय, पावसाळ्याच्या आत. गुहागर ते हेदवी रस्ता सध्या कसा आहे, कुणी हल्लीच जाऊन आलं असेल तर कळवा.