सॅच्युरेशन ९९, श्वास ८

आमच्या वॉर्डात व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध वगैरे) टॅबवर भरले की सॉफ्टवेअर स्वतःच 'न्यूज-२'चा स्कोअर काढतं. स्कोअर जितका जास्त, तितका पेशंट धोक्यात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत. स्कोअर ५ झाला की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाला की इमर्जन्सी टीम. माझा या पद्धतीवर भरवसा आहे, म्हणून तर ती रात्र डोक्यातून जात नाही.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतरचे काका. मॉर्फिन चालू, नाकाला ऑक्सिजन. हँडओव्हरमध्ये 'स्टेबल' म्हणून मिळाले. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९९ टक्के; नाडी-बीपी व्यवस्थित. स्कोअर २, तोही केवळ ऑक्सिजन लावल्यामुळे. मुलगा हळूच म्हणाला, "सिस्टर, दिवसभर कण्हत होते, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू नका ना." काका घोरत होते. पण घोरणं मध्येच थांबायचं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचं. मला ते थांबणं खटकलं.

चादर खाली घेतली, पोटाच्या वरच्या बाजूला अलगद हात ठेवला आणि पूर्ण मिनिट श्वास मोजले. १५ सेकंद मोजून चारने गुणणं इथे कामाचं नाही. श्वास संथ आणि अनियमित असला की हिशेब हमखास चुकतो. आठ भरले. "काका, डोळे उघडा!" मोठ्याने हाक मारल्यावर डोळे जेमतेम किलकिले झाले, लगेच मिटले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे मॉर्फिन जास्त झाल्याची खूण. श्वासाचे ३, शुद्धीचे ३, ऑक्सिजनचे २. खरा स्कोअर होता ८.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो. फुप्फुसात हवा किती खेळतेय ते सांगत नाही. बाहेरून ऑक्सिजन मिळत असला की श्वास मंदावूनही ९९ बराच वेळ टिकतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो दाखवणारा कॅप्नोग्राफ आमच्याकडे थिएटरात आहे, वॉर्डात नाही.

टीम धावत आली. मॉर्फिन बंद केलं, त्याचा उतारा नॅलोक्झोन थोडं थोडं दिलं. एकदम दिलं असतं तर वेदना उसळून आल्या असत्या. काका जागे झाले. नॅलोक्झोनचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो, म्हणून त्यांना आयसीयूत हलवलं.

नंतर चार्ट उघडला. श्वासाच्या रकान्यात १८, १८, १८. शेजारच्या बेडवरही १८. नाडी, सॅच्युरेशन मशीन देतं. श्वासासाठी मात्र माणसाला मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि एका सिस्टरकडे अख्खी रांग असते. तिच्यावर मला पूर्ण राग धरता येत नाही. राग येतो तो स्टेशनवर मोठा स्क्रीन लावून माणसं तेवढीच ठेवणाऱ्यांचा. न मोजलेला आकडाही सॉफ्टवेअर तितक्याच विश्वासाने बेरजेत धरतं.

मॉर्फिन चालू असलेल्या प्रत्येक बेडला कॅप्नोग्राफ द्या आणि रात्री एक जास्त सिस्टर द्या, असं लेखी दिलंय. कॅप्नोग्राफचं कोटेशन मागवलंय म्हणे. सिस्टरबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.