कोल्हापुरात बसून युनोचं काय करता?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, मिसळीच्या टेबलावर मला हा प्रश्न ठरलेला असतो. "युनोला एक युद्ध थांबवता येईना, आणि तुम्ही कोल्हापुरात बसून त्यांचं काम करताय? उपयोग काय त्याचा?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांपैकी एकानं नकाराधिकार वापरला की ठराव तिथंच संपतो, आणि इकडं टीव्हीवर पडलेल्या इमारतींखालून पोरं काढताना दिसतात. मलाही ते दिसतं. रागही येतो. पण कामाबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आधी आम्ही कोण ते. संयुक्त राष्ट्रसंघ १९४५ साली स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९४६ मध्ये, देशोदेशींच्या नागरी संघटनांनी आपला एक महासंघ उभा केला. सरकारं न्यूयॉर्कला बसणार, मग साध्या माणसांचं काय, हा त्यामागचा विचार. तेव्हापासून जगभर गावोगावी अशी मंडळं चालतात. आमचंही त्याच विचाराचं. त्यात शिक्षक आहेत, दोन वकील आहेत, एक परिचारिका, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका आणि कॉलेजची पोरंपोरी. राजारामपुरीत एका सभासदाच्या सोप्यात बैठक होते, चहा घरचाच. परदेशातून पैसा येतो का, हाही प्रश्न पाठोपाठ येतोच. नाही येत. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या कायद्याखाली केंद्राकडं नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि आम्हाला त्या पैशाची गरजही पडलेली नाही. झेरॉक्स, एसटीचं तिकीट आणि वह्या एवढाच खर्च, तो वर्गणीत भागतो.

आता मूळ मुद्दा. आपलं सरकार जगापुढं करारांवर सह्या करतं, त्या तुमच्या-माझ्या नावानं करतं. बालहक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये केला आणि भारतानं तो डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्यानंतर ठरावीक काळानं जिनिव्हाला अहवाल द्यावा लागतो, की मुलांसाठी काय केलं, काय राहिलं. शिवाय प्रत्येक सदस्य देशाच्या मानवी हक्कांचा आढावा काही वर्षांनी सगळ्या देशांसमोर होतो. भारताचा चौथा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. हे सगळं कागदावर आहे आणि कागद महत्त्वाचा आहे, असं मी मानते. पण उधारी वहीत लिहिलेली असली तरी मागायला कुणी गेलंच नाही, तर ती बुडते. जगापुढं दिलेला शब्द मागायला गावातलंच माणूस लागतं. आमचं काम हे, एवढंच.

म्हणजे प्रत्यक्षात काय? ऊसतोडीचंच घ्या.

दिवाळीच्या आसपास आपल्याकडं कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमानं आधीच उचल दिलेली असते, ती फिटेपर्यंत घर बांधलेलं. कारखान्याच्या किंवा शेताच्या कडेला पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात माणसं फडावर जातात आणि कोपीत उरतात पोरं. त्यातली थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते, पाणी आणते, भात टाकते. आपण सगळे त्या रस्त्यानं रोज जातो. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या पुढं अडकल्या की हॉर्न वाजवतो.

मागच्या एका हंगामात करवीर तालुक्यातल्या अशाच एका अड्ड्यावर आम्ही गेलो होतो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, कडेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ. शाळेचं विचारलं तर काही बोलली नाही. कोपीत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत रेशनकार्ड, आईचं आधारकार्ड आणि पाचवीचं मराठीचं पुस्तक. घरातले सगळ्यात मोलाचे कागद एका पिशवीत, त्यात ते पुस्तक. आमच्याबरोबर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी तिला पुस्तक उघडायला सांगितलं, तर भावाला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं एक धडा घडाघडा वाचला. "बाई, इथली शाळा घेईना. दाखला आणा म्हणती," आई म्हणाली.

आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, हे मला आवर्जून सांगायचंय. त्यांची अडचण खरी होती. मुलीची ऑनलाईन नोंद तिच्या गावच्या शाळेत, हजेरी इथं, मग तपासणीला उत्तर कोण देणार? आमच्या बाईंनी शिक्षण हक्क कायदा, २००९ ची प्रत काढली आणि पाचवं कलम वाचलं. मुलाला एका शाळेतून दुसरीत जायचा हक्क आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. सरांनी ते दोनदा वाचलं, मग त्यांनीच तिच्या गावच्या शाळेला फोन लावला. तिथले गुरुजी म्हणाले, "पोरगी हुशार आहे, बसवा वर्गात, कागद मी पाठवतो."

आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. कारण भाऊ. त्याला कुठं ठेवायचं? याचं उत्तर आमच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात नव्हतं. शेवटी गावातल्या अंगणवाडी सेविका पुढं झाल्या. "आणून सोडा माझ्याकडं. खिचडी खाईल, झोपेल," म्हणाल्या. तिच्या शिक्षणाचा हक्क मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, पॅरिसमध्ये मंजूर झाला, दिल्लीत त्याचा कायदा झाला, आणि एका अंगणवाडीत सतरंजीवर तिच्या भावाला जागा मिळाली तेव्हा तो तिच्या हातात पडला. आंतरराष्ट्रीय म्हणतात ते काम मला असंच दिसतं.

"हे हक्कबिक्क बाहेरून आलेलं खूळ आहे," असंही कुणी म्हणतं. कोल्हापुरात तरी हे म्हणू नये. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संमत झाला. एकूण ३० कलमं. बाजूनं ४८ मतं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. मसुदा करणाऱ्या आयोगावर भारताच्या हंसा मेहता होत्या. त्यातलं २६ वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ते १९१७ सालीच केलं होतं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९०२ मध्ये सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१८ मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली, आणि १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. जगाला जाहीरनामा लिहायला अजून २८ वर्षं होती.

योगायोग असा की शाहू महाराजांची जयंती २६ जूनची, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या त्याही १९४५ च्या २६ जूनला. त्या दिवशी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला अभिवादन करून आम्ही पोरांबरोबर जाहीरनाम्याचं वाचन करतो. आठवी-नववीची मुलं मोठ्यानं कलमं वाचतात आणि मग असे प्रश्न विचारतात की आमच्या वकिलांनाही विचार करावा लागतो. "मग आमच्या वाड्यातल्या भाडेकरूला पाणी का सोडत नाहीत?" हा त्यातलाच एक.

पोरांना आम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्टही सांगतो, आणि ही मला सगळ्यात जवळची. १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेनं लाखो पोलिश माणसांना घरांतून उचलून सैबेरियाकडं धाडलं. त्यातून सुटलेल्यांपैकी सुमारे ५,००० माणसं इराण आणि कराचीमार्गे १९४३ पासून आपल्या वळिवड्याला आली. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यासाठी बराकी उभ्या राहिल्या, शाळा झाल्या, दवाखाना झाला, चर्च झालं. १९४८ पर्यंत ती माणसं इथं राहिली. ज्यांना परत जाता आलं नाही, त्यांच्या कबरी इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. महावीर उद्यानात त्या काळाची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे. वळिवड्यात वाढलेली मुलं पुढं जगभर पांगली, पण म्हातारपणीही कोल्हापूर बघायला येत राहिली. आणि पोलिश गेले तोवर फाळणीनं घर हिरावलेले सिंधी आले. त्याच बराकींत त्यांनी संसार मांडले. आज तुम्ही-आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर ते हेच.

तेव्हा निर्वासितांसाठीचा जागतिक करार जन्मालाही आला नव्हता. तो १९५१ चा, आणि भारतानं त्यावर आजही सही केलेली नाही. माझं मत स्पष्ट आहे, ती करायला हवी. ज्या गावानं कराराविना हे करून दाखवलं, त्या गावातून ही मागणी जावी असं मला मनापासून वाटतं.

कधी गाव कागदाच्या पुढं असतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचं उदाहरण दिलं. स्त्रियांच्या हक्कांच्या करारातलं पाचवं कलम अशाच रूढी बदलायला सांगतं. आम्ही हा ठराव घेऊन दुसऱ्या गावांत गेलो. काही ठिकाणी ग्रामसभेत बायकांनीच तो उचलून धरला, काही ठिकाणी वडीलधारे उठून गेले.

जमत नाही तेही सांगायला हवं. राज्य मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करायला फी लागत नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते. पण घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. लोक आमच्याकडं येतात ते बहुतेकदा सगळीकडं हेलपाटे घालून झाल्यावर. वर्ष संपत आलेलं, नाहीतर संपलेलं. कोठडीत मार खाऊन आलेल्या पोराची आई समोर बसलेली असते आणि तारीख मोजून आम्हाला नाही म्हणावं लागतं. छळाविरुद्धच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण मंजुरीची मोहर अजून नाही. २६ जून हा छळ सोसलेल्यांच्या समर्थनाचा जागतिक दिवसही आहे. त्या दिवशी खासदारांना या मंजुरीसाठी पत्र जातं. दरवर्षी जातं. उत्तर येवो न येवो, पोच मात्र आम्ही जपून ठेवतो.

हंगाम तोंडावर आलाय. टोळ्या उतरायच्या आत कुठल्या अड्ड्याजवळ कुठली शाळा, कुठली अंगणवाडी, याच्या याद्या करायच्यात. करवीर आणि पन्हाळ्याच्या जवळपास झाल्यात, शिरोळ-हातकणंगल्याकडं माणसं कमी पडतात. तुमच्या गावात कोप्या पडत असतील तर तिथं किती पोरं आहेत आणि शाळेचे सर काय म्हणतात, एवढं विचारून कळवा. कलमाची झेरॉक्स आम्ही देतो. आणि कुणाची तक्रार करायची राहिली असेल, तर घटनेची तारीख आजच कागदावर लिहून ठेवा.